ड्रायव्हर नसलेल्या गाडीचा जाब कोण देणार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ३१ वर्षं एसटी चालवली. फलटण आगार, आणि त्यातली बरीच वर्षं पुण्याची फेरी: लोणंद, जेजुरी, सासवड, दिवे घाट. ते निवृत्त झाल्यावर आम्ही भावाकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेलो होतो, तेव्हा एका संध्याकाळी दोघं वेमो या कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीत बसलो. पुढची सीट रिकामी, स्टिअरिंग आपलं आपण फिरतंय. मी खिडकीतून बाहेर बघत होते. अण्णा मागच्या सीटवर बसून उजव्या पायाने गाडीचा तळ दाबत होते. प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक वळणाला, जिथे ब्रेक असायला हवा तिथे. उतरल्यावर त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, टायर बघितले आणि विचारलं, "हिने कुणाला उडवलं तर पोलीस कुणाला घेऊन जातात?"

त्या प्रश्नाने मला या विषयात ओढलं. वाचत गेले, ओळखीपाळखीत आणि एक-दोन महाविद्यालयांत बोलत गेले, आणि लोक पुन्हा पुन्हा तेच ते विचारतात हे लक्षात आलं. म्हणून हे पान.

"ड्रायव्हरलेस" म्हणजे नेमकी कुठली गाडी? माझ्या गाडीत एडास (चालकाला मदत करणारी यंत्रणा) आहे, ती धरायची का?

नाही, धरायची नाही. सगळे गैरसमज इथूनच सुरू होतात.

अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने शून्य ते पाच अशा पातळ्या ठरवल्या आहेत आणि जगभर त्याच वापरतात. आपल्याकडच्या एडासवाल्या गाड्या, अगदी चाकणला तयार झालेली एक्सयूव्ही ७०० सुद्धा, दुसऱ्या पातळीपर्यंतच्या. गाडी लेनमध्ये राहते, पुढच्या गाडीशी अंतर ठेवते, वेळ पडली तर ब्रेक मारते. पण चालवणारे तुम्हीच. टेस्लाचा 'ऑटोपायलट' नावाने मोठा असला तरी दुसऱ्याच पातळीचा. तिसऱ्या पातळीवर ठरावीक रस्त्यावर, ठरावीक वेगात गाडी स्वतः चालते आणि गरज पडली की तुम्हाला हाक मारते. मर्सिडीजने जर्मनीत २०२२ मध्ये अशी गाडी विकायला सुरुवात केली. चौथ्या पातळीवर ठरलेल्या भागापुरती माणसाची गरजच उरत नाही. वेमोच्या टॅक्सी त्यातल्या. पाचवी पातळी म्हणजे कुठेही, कुठल्याही हवामानात, कुठल्याही रस्त्यावर. अशी गाडी आज कुठेच नाही.

नीतीच्या दृष्टीने खरी रेघ दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीच्या मध्ये आहे. रेघेच्या अलीकडे चूक झाली की माणसाची, पलीकडे गेलं की यंत्र बनवणाऱ्याची. निदान कागदावर तरी.

तिला दिसतं कसं?

कॅमेरे, रडार आणि लिडार. लिडार म्हणजे लेझरचे झोत सोडून ते परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर मोजणारं यंत्र; वेमोच्या टपावर जो गरगरणारा डबा दिसतो तो. टेस्लाने मात्र कॅमेऱ्यांवरच भर दिला आहे. दिसणं तसं सोपं. दिसलेली वस्तू काय आहे आणि पुढच्या दोन सेकंदांत ती कुठे असेल, हे ओळखणं अवघड. पुढे एका अपघाताची हकिगत आहे, त्यात हाच फरक जीवघेणा ठरला.

समोर म्हातारी बाई आणि बाजूला शाळकरी मूल असेल तर गाडी कुणाला वाचवेल?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याचे डोळेही हा विचारताना चमकतात. ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये रुळांवरच्या ट्रॉलीचं एक कोडं मांडलं होतं: एकाला मारून पाचजण वाचवावेत का? त्याचंच हे चारचाकी रूप.

एमआयटीतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये यावर 'मॉरल मशीन' नावाचा ऑनलाइन प्रयोग उघडला. पडद्यावर चित्र येतं, ब्रेक निकामी झालेली गाडी, दोन्हीकडे माणसं, आणि तुम्ही निवडायचं. २३३ देश आणि प्रदेशांतून जवळजवळ ४ कोटी निर्णय जमा झाले आणि निष्कर्ष २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आले. प्राण्यापेक्षा माणूस, थोड्यांपेक्षा जास्त, म्हाताऱ्यांपेक्षा तरुण वाचवावेत, असा कल बहुतेक ठिकाणी दिसला. पण पूर्वेकडच्या देशांच्या गटात तरुणांना झुकतं माप बरंच कमी होतं. घरातल्या आजीला कमी लेखायला तिथे हात धजत नाही, असं मी त्याचं वाचन करते.

मला त्याहून बोलका वाटतो तो यातल्याच काही संशोधकांचा २०१६ चा 'सायन्स'मधला अभ्यास. दहा पादचारी वाचवण्यासाठी गाडीने आतल्या एका प्रवाशाचा बळी द्यावा का, असं विचारल्यावर ७६ टक्के लोक हो म्हणाले, हेच नीतीला धरून आहे म्हणाले. स्वतः कुठल्या गाडीत बसायला आवडेल असं विचारलं तेव्हा मात्र आतल्यांना वाचवणारी गाडी लोकांना हवीशी वाटली. शेजाऱ्याने त्यागी गाडी घ्यावी, आपली मात्र आपल्याला जपणारी असावी. यात कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. मुलांना मागे बसवून निघालेली कुठलीही आई हेच सांगेल.

जर्मनीने या बाबतीत ठाम भूमिका घेतली. माजी घटनापीठ न्यायाधीश उडो दि फाबियो यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने जून २०१७ मध्ये २० नियम दिले. अपघात अटळ झालाच, तर वय, लिंग, शारीरिक किंवा मानसिक स्थिती यांवरून माणसामाणसांत फरक करायला सक्त मनाई. आजीचा जीव आणि नातवाचा जीव तागडीत घालायचाच नाही. मला हे पटतं.

तरीही हा प्रश्न आपल्याला भलत्याच दिशेला नेतो असं माझं मत आहे. अण्णांना मी हे कोडं घातलं होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "३१ वर्षांत हा का तो असं निवडायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही. निवडायची वेळ येते ती वेग जास्त ठेवला म्हणून." नेमकं हेच. खरा निर्णय धडकेच्या क्षणी होत नसतो. उभ्या गाड्यांच्या रांगेशेजारून किती वेगाने जायचं, शंका आली तर लगेच ब्रेक लावायचा की क्षणभर थांबून बघायचं, असले निर्णय कितीतरी महिने आधी कुठल्यातरी ऑफिसात होतात.

मग खरा नैतिक प्रश्न कुठला?

१८ मार्च २०१८, अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं टेंपी शहर. रात्रीचे दहा वाजायला आलेले. ४९ वर्षांची एक बाई सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. तिथे झेब्रा क्रॉसिंग नव्हतं. उबर कंपनीची चाचणीवरची व्होल्वो ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने आली आणि ती बाई गेली. चालकविरहित गाडीने पादचाऱ्याचा जीव घेतल्याची ही पहिली नोंद.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा, एनटीएसबीचा, तपास अहवाल वाचण्यासारखा आहे, आणि वाचवत नाही असाही आहे. धडकेच्या ५.६ सेकंद आधी गाडीला ती बाई दिसली होती. त्या वेगाला ५.६ सेकंद म्हणजे शंभर मीटरहून थोडं जास्तच अंतर. पण गाडीने तिला आधी वाहन म्हटलं, मग 'इतर काहीतरी', मग सायकल, आणि हे उलटसुलट होत राहिलं. दर वेळी ओळख बदलली की आधीच्या हालचालीची नोंद पुसली जायची, त्यामुळे ती रस्त्याच्या पलीकडे निघाली आहे हे गाडीला जुळवताच आलं नाही. क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडू शकतो, हे त्या सॉफ्टवेअरमध्ये धरलेलंच नव्हतं. वर आणखी एक: उगाच ब्रेक लागू नयेत म्हणून धोका दिसल्यावरही एक सेकंद काहीच करायचं नाही, अशी सोय होती. व्होल्वोची स्वतःची आपत्कालीन ब्रेकची यंत्रणा संगणक गाडी चालवत असताना बंद ठेवलेली होती.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फलटणचा रस्ता आला. उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री कारखान्याकडे ट्रॅक्टर निघतात, एकाला दोन ट्रॉल्या, उसाची मोळी दोन्हीकडून बाहेर आलेली, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. अण्णा अशा ट्रॉलीमागे आले की वेग आधीच तोडायचे. समोरची काळी सावली ट्रॉली आहे, बैलगाडी आहे की रस्त्यावर पडलेला कडबा, हे त्यांनाही कळायचं नाही. कळायची गरजच नव्हती. "काय आहे ते मागनं बघू, आधी ब्रेक." टेंपीतल्या गाडीला नेमकं उलट शिकवलं होतं: आधी ओळख पटव, मग थांब. आणि हे शिकवणारी माणसंच होती, ठरलेल्या बैठकांत, प्रवाशाला धक्के बसू नयेत एवढ्यासाठी.

मला इथे नीतीचा प्रश्न दिसतो. कुणाच्या सोयीसाठी कुणाचा धोका वाढवला, आणि ज्याचा वाढवला त्याला विचारलं होतं का? त्या बाईने कुठल्याही चाचणीत भाग घेतला नव्हता. ती घरी निघाली असेल, दुकानात निघाली असेल, नुसती चालत असेल. रस्ता तिचाही होता.

त्या अपघातात शिक्षा कुणाला झाली?

गाडीत देखरेखीसाठी एक चालक बसलेली होती. ती मोबाइलवर कार्यक्रम बघत होती असं तपासात निघालं. तिच्यावर खटला झाला. २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहणं) मिळाली. कंपनीवर फौजदारी कारवाई करण्याजोगा आधार नाही, असं सरकारी वकिलाने २०१९ मध्येच सांगून टाकलं होतं. एनटीएसबीने मात्र कंपनीच्या सुरक्षेबाबतच्या ढिसाळपणावर आणि राज्याच्या अपुऱ्या देखरेखीवर बोट ठेवलं. आधी गाडीत दोन माणसं असायची, ती कंपनीने एकावर आणली होती.

चालकाची चूक होतीच, ती झाकायची नाही. पण तासन्‌तास काही न करता फक्त बघत बसायचं आणि एका क्षणात जागं व्हायचं, हे काम माणसाला जमत नाही, हे विमानांच्या अनुभवावरून कधीच कळलेलं आहे. मॅडेलिन क्लेअर एलिश या संशोधिकेने यासाठी नेमका शब्द दिला: 'मॉरल क्रम्पल झोन', म्हणजे दोष झेलून चुरगळणारा भाग. मोटारीचा पुढचा भाग धडकेत मुद्दाम चुरगळेल असा बनवतात, म्हणजे आतला माणूस वाचतो. तसं या यंत्रणांत एक माणूस मुद्दाम मध्ये ठेवलेला असतो. दोषाचा सगळा मार तो खातो आणि आतली यंत्रणा, कंपनी शाबूत राहते. चुराडा होतो तो माणसाचा.

अण्णांच्या प्रश्नाला त्या दिवसापुरतं उत्तर हे होतं: पोलीस जवळ सापडलेल्या माणसाला घेऊन जातात. जिथे माणूसच नाही तिथे काय, ते कोडं अजून सुटतंय.

अर्थात न्यायालयं बदलत आहेत. २०१९ मध्ये फ्लोरिडात टेस्लाचा ऑटोपायलट चालू असताना झालेल्या एका जीवघेण्या अपघातात मायामीच्या ज्युरीने ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीला ३३ टक्के जबाबदार धरलं आणि २४ कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सांगितलं. चालकाचीही चूक होती, ज्युरीने त्या चुकीचा वाटाही ठरवला. दोष वाटून घ्यायचा असतो, हे पहिल्यांदा इतक्या ठसठशीतपणे दिसलं.

क्रूझ कंपनी बंद का पडली? तिचा अपघात इतका मोठा होता का?

क्रूझ म्हणजे जनरल मोटर्सची चालकविरहित टॅक्सी चालवणारी कंपनी. अपघातापेक्षा त्यानंतरची वागणूक मोठी होती.

२ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत एका माणसाने चालवलेल्या गाडीने एका बाईला धडक दिली आणि तो पळून गेला. ती फेकली गेली ती शेजारच्या लेनमधून येणाऱ्या क्रूझच्या चालकविरहित टॅक्सीसमोर. टॅक्सीने ब्रेक लावला, तरी ती खाली आली. इथपर्यंत चांगल्या ड्रायव्हरच्या हातूनही हे झालं असतं. पण मग गाडीने 'कडेला घ्यावं' असं ठरवलं आणि खाली माणूस अडकलेला असताना सुमारे २० फूट पुढे गेली. चाकाखाली काहीतरी आहे हे ज्याला जाणवतं असा कुणी आत नव्हता.

बाई वाचली, गंभीर जखमी झाली. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांना माहिती देताना क्रूझच्या माणसांनी हे फरफटत नेणं तोंडाने सांगितलंच नाही. व्हिडिओ लावला, तोच काय ते सांगेल असं धरलं. २४ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन खात्याने परवाना स्थगित केला. नोव्हेंबरमध्ये कंपनीच्या प्रमुखाने राजीनामा दिला, पुढे केंद्रीय यंत्रणांचे दंड झाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने हा धंदाच गुंडाळला.

एसटीत अपघात झाला की चालकाने जवळच्या पोलीस ठाण्यात वर्दी द्यायची, आगाराला कळवायचं, हे अण्णांच्या हाडात मुरलेलं. त्यांना क्रूझची हकिगत सांगितली तेव्हा ते गाडीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. "सांगितलं का नाही?" एवढंच दोनदा म्हणाले.

पण आकडे तर सांगतात की या गाड्या माणसापेक्षा सुरक्षित आहेत. मग अडवायचं कशाला?

हा प्रश्न झटकण्यासारखा नाही. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, म्हणजे रोज साडेचारशेच्या वर. त्यातली १५,२२४ महाराष्ट्रातली. अमेरिकेत २०२३ मध्ये ४०,९०१. यातले बहुतेक अपघात माणसांनी केलेले: झोप, दारू, घाई, मोबाइल. यंत्राला झोप येत नाही. ही एक गोष्ट जरी धरली तरी यंत्राच्या बाजूने मोठा मुद्दा होतो.

वेमो आणि स्विस री या विमा कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये २.५३ कोटी मैलांचा हिशेब मांडला. माणसांनी चालवलेल्या गाड्यांच्या तुलनेत शारीरिक इजेचे दावे ९२ टक्क्यांनी आणि मालमत्तेच्या नुकसानीचे ८८ टक्क्यांनी कमी. आकडे चांगले आहेत, मी ते खोटे मानत नाही. पण हा अभ्यास करणाऱ्यांत कंपनी स्वतः आहे, शहरं निवडक आहेत, नकाशे बारकाईने आधी तयार केलेले आहेत. मृत्यूंबद्दल छातीठोकपणे बोलायला तर त्याहून कितीतरी जास्त अंतर लागतं. रँड या संस्थेने २०१६ मध्ये हिशेब केला होता की, गाडी माणसाइतकी तरी सुरक्षित आहे हे दाखवायला एकही मृत्यू न होता २७.५ कोटी मैल, म्हणजे सुमारे ४४ कोटी किलोमीटर चालवावी लागेल. वेमोने १० कोटी मैलांचा टप्पा २०२५ मध्ये गाठला.

रँडच्याच दुसऱ्या अभ्यासाने उलट बाजूही मांडली: गाड्या अगदी परिपूर्ण होईपर्यंत वाट बघितली तर मधल्या काळात वाचू शकले असते असे जीव जातील. या दोन वाक्यांमध्ये मी बरेच दिवस अडकले होते. आज माझं म्हणणं असं की गाड्या अडवू नयेत, पण प्रत्येक अपघाताची कच्ची माहिती कंपनीच्या मर्जीशिवाय बाहेर यायला हवी. विमान पडलं की ब्लॅक बॉक्स कंपनीच्या तिजोरीत राहत नाही.

लोकांना या गाड्या आवडतात की नाही?

अमेरिकेत तरी अजून भीतीच जास्त. ट्रिपल ए या वाहनधारकांच्या संघटनेच्या २०२५ च्या पाहणीत ६१ टक्के लोकांनी भीती वाटते असं सांगितलं, विश्वास वाटतो म्हणणारे १३ टक्के. त्याच्या दोन वर्षं आधी भीती वाटणारे ६८ टक्के होते, तेव्हा थोडा उतार आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२१ च्या पाहणीत ४४ टक्के लोकांना अशा गाड्या समाजासाठी वाईट वाटल्या, २६ टक्क्यांना चांगल्या.

चीड मात्र आकड्यांत मावत नाही. ॲरिझोनात २०१८ च्या सुमाराला वेमोच्या गाड्यांवर दगड पडले, टायर कापले गेले. सॅन फ्रान्सिस्कोत २०२३ च्या उन्हाळ्यात कार्यकर्ते रात्री जाऊन बॉनेटवर रस्त्यावरचा नारिंगी शंकू ठेवत. गाडी तिथेच खिळून राहायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये चायनाटाउनमध्ये जमावाने एक वेमो पेटवली. जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या निदर्शनांत आणखी काही जळाल्या. जाळपोळीचं समर्थन होऊच शकत नाही. पण शंकू ठेवणाऱ्यांचं म्हणणं मला कळतं. शहराचं अग्निशमन दल सांगत होतं की या गाड्या बंबाच्या वाटेत येतात, शहराचे प्रतिनिधी विरोध करत होते, तरी ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याच्या आयोगाने दिवसरात्र पैसे घेऊन धंदा करायला परवानगी दिली. आपल्या गल्लीत काय चालावं हे गल्लीला विचारलं नाही की राग असा कुठूनतरी वाट काढतो.

दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाड्या धावतात. कुणी घाबरून उतरलं नाही. रुळांना कुंपण आहे आणि काही झालं तर कुणाकडे जायचं हे लोकांना ठाऊक आहे.

गाडी लहान मुलांना आणि सावळ्या माणसांना नीट ओळखत नाही, हे खरं का?

लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये पादचारी ओळखणारी आठ सॉफ्टवेअर तपासली. मुलांच्या मानाने मोठी माणसं ओळखण्याचं प्रमाण जवळजवळ २० टक्क्यांनी जास्त निघालं, आणि गडद वर्णाच्या मानाने गोऱ्यांचं सुमारे साडेसात टक्क्यांनी. ही सॉफ्टवेअर संशोधनासाठी खुली असलेली होती, कंपन्यांची स्वतःची तपासायला मिळत नाहीत. नेमकी तक्रार तीच आहे.

नितीन गडकरी म्हणतात भारतात या गाड्या येऊ देणार नाही. बरोबर आहे का?

गडकरींनी हे २०१७ मध्ये सांगितलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममध्ये पुन्हा: ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील, म्हणून मी असेपर्यंत नाही. ड्रायव्हरच्या घरात वाढलेल्या मुलीला हे वाक्य ऐकून बरं वाटणारच. आमचं शिक्षण, बहिणीचं लग्न, फलटणचं घर, सगळं त्या स्टिअरिंगवर उभं राहिलं. चीनमध्ये वुहानला २०२४ मध्ये बायडूच्या स्वस्त रोबोटॅक्सी आल्या तेव्हा तिथल्या टॅक्सीवाल्यांनी केलेली तक्रार याच पोटतिडकीची होती.

पण नुसत्या बंदीने ड्रायव्हरचं भलं होत नाही. कंबर गेलेली, जेवणाची वेळ नाही, मुक्कामाला गाडीच्या टपावर किंवा फाटक्या गादीवर झोप, हे तसंच राहतं. नोकरी वाचवायची म्हणायचं आणि ट्रकवाल्याकडून रात्रंदिवस गाडी हाकून घ्यायची, यात मला प्रामाणिकपणा दिसत नाही. बंदी घालणाऱ्याने कामाचे तासही बांधून द्यावेत, आणि ते पाळलेही जावेत.

समजा परवानगी मिळाली, तर आपल्या रस्त्यांवर त्या चालतील?

सहजासहजी नाही, आणि कारण फक्त खड्डे नाहीत.

स्वारगेटला रस्ता ओलांडणाऱ्या माणसाकडे बघा. तो थांबत नाही, धावतही नाही. तळहात गाड्यांच्या दिशेने थोडा वर करतो, ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघतो आणि चालू लागतो. ड्रायव्हर वेग थोडा तोडतो, किंवा डिपर मारून 'नाही' म्हणतो. एक बोलणं झालं, अर्ध्या सेकंदात. रिकाम्या सीटकडे बघून हे बोलणं कुणाशी करायचं? गाडी फारच सभ्य असेल तर ती चौकात दिवसभर उभी राहील, आणि तिला पुढे घुसायला शिकवलं तर आपण पुन्हा टेंपीच्या ऑफिसात येऊन पोचतो.

दिवे घाटात पालखी चढत असते तेव्हा तर रस्ता वाहनांचा राहतच नाही. तिथला एसटीवाला इंजिन बंद करतो आणि खाली उतरून हात जोडतो. हा निर्णय कुठल्या नियमात बसवायचा?

प्रयत्न होत आहेत. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने इंटेलबरोबर आपल्या रस्त्यांच्या चित्रांचा मोठा संच २०१८ मध्ये खुला केला. त्यात रिक्षा आहेत, जनावरं आहेत, कडा नसलेले रस्ते आहेत. भोपाळची स्वायत्त रोबोट्स, बंगळुरूची मायनस झीरो या कंपन्या काम करताहेत. आपल्या गर्दीत तयार झालेलं तंत्र बाहेरच्यापेक्षा पक्कं निघू शकतं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या कायद्यात याची काही सोय आहे का?

आपल्या मोटार वाहन कायद्याचं सगळं बांधकाम 'परवाना असलेला माणूस गाडी चालवतो' या पायावर आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं, पण तेही माणसाला. पीडितांच्या बाजूने एक चांगली तरतूद आहे ती मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ ची: दोष सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये, मालक किंवा विमा कंपनीकडून. गाडीत कुणी नसलं तरी मालक असतोच, म्हणून हे कलम तरी उपयोगी पडावं.

ब्रिटनने मे २०२४ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. गाडी स्वतः चालत असताना आत बसलेल्यावर वाहन चालवल्याचा गुन्हा लागत नाही, जबाबदारी परवानगी घेतलेल्या कंपनीची. गाडीने 'काळजीपूर्वक आणि कुशल माणूस-चालक' जितका सुरक्षित असतो तितकं असायला हवं, ही कसोटी. आणि सुरक्षेची माहिती दडवली किंवा खोटी दिली तर तो गुन्हा. क्रूझची आठवण ठेवूनच हे वाचावं. अण्णांना द्यायला माझ्याकडे आता निदान एका देशाचं तरी उत्तर आहे.

एडासवाली गाडी घेतली आहे. काय सांभाळू?

हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, गाडी काहीही म्हणो. पट्टे पुसलेले असले की लेन धरणारी यंत्रणा फसते, आणि आपल्याकडे पट्टे पुसलेलेच जास्त. माझ्या गाडीने एकदा सासवडच्या पुढे जुन्या आणि नव्या पट्ट्यांत गल्लत करून डावीकडे ओढ घेतली, तिकडून दूधवाला येत होता. हात स्टिअरिंगवर होते म्हणून सावरलं. एकाएकी ब्रेक लागू शकतो, म्हणून मागे ट्रक चिकटलेला असेल तर आधी त्याला पुढे जाऊ द्या. कॅमेऱ्यावर चिखल, दव, किडे बसतात. पेट्रोल भरताना काच पुसताना तिथली काचही पुसून घ्या. आणि घाटात, धुक्यात, उसाच्या हंगामातल्या रात्री किंवा पालखी रस्त्यावर असताना मी ते बटण दाबतच नाही.